ई-पत्रिकेची वाचकनोंदणी : प्रमाण, प्रयोग आणि संमती

प्रस्तावना

नियतकालिकाचा वाचक आणि नियतकालिकाचा वर्गणीदार या दोन भिन्न व्यक्ती असू शकतात, ही गोष्ट मराठी संपादकांना नवी नाही. ग्रंथालयात उभ्याने अंक चाळणारा, शेजाऱ्याकडून मागून आणणारा, दिवाळी अंकातील एखादीच कथा वाचून अंक परत करणारा, हे सारे वाचक खरेच. परंतु ज्याने आपले नाव व पत्ता संपादकाच्या स्वाधीन केला आणि पुढील अंक आपणाकडे पाठवावा असे सांगितले, त्याच्याच भरवशावर नियतकालिक उभे राहते. कागदी अंकाच्या बाबतीत हे नाते टपालखर्चाने बांधलेले होते. प्रत्येक जादा प्रतीस पैसे पडत असल्यामुळे संपादक न मागणाऱ्यास अंक पाठविताना दहादा विचार करीत असे. ई-मेलद्वारे पाठविल्या जाणाऱ्या पत्रिकेने हा अडसर दूर केला. शंभर पत्त्यांवर पाठविणे आणि दहा हजार पत्त्यांवर पाठविणे यांच्या खर्चातील अंतर जवळजवळ नाहीसे झाले. त्यामुळे वाचकाने मागण्याची वाट न पाहताच त्यास वाचक गणण्याचा मोहही वाढला.

आज महाविद्यालयांचे विभाग, ग्रंथालये, लहान प्रकाशनसंस्था आणि वाङ्मयीन मंडळे ई-पत्रिका चालवितात. नोंदणी करणाऱ्यांचे प्रमाण कसे वाढवावे, हा त्यांच्यापुढील नित्याचा प्रश्न आहे. या प्रश्नास बाजारात सिद्ध उत्तरे पुष्कळ मिळतात. बटणाचा रंग बदला, चौकट मोठी करा, काहीतरी फुकट द्या, अशा सूचनांची रेलचेल आहे. त्या सूचना ज्या पुराव्यावर आधारलेल्या आहेत त्याचे स्वरूप काय, तो पुरावा लहान वाचकवर्ग असलेल्या पत्रिकेस कितपत लागू पडतो आणि वाढलेल्या प्रमाणात वाचकाची खरी इच्छा किती असते, यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नोंदणीदर म्हणजे काय?

निमंत्रण पाहणाऱ्यांपैकी जितके लोक नाव नोंदवितात त्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे नोंदणीदर. व्याख्या सोपी आहे. घोटाळा छेदात आहे. निमंत्रण किती वेळा दिसले हे मोजावयाचे, की किती भिन्न व्यक्तींना दिसले हे? नियमित वाचक महिन्यातून आठ वेळा येतो आणि आठही वेळा निमंत्रण पाहतो. त्याने पूर्वीच नोंदणी केली असेल तर तो छेद फुगवितो आणि दर उगाचच खाली ओढतो. याच्या उलट, निमंत्रण केवळ लेखाच्या शेवटी ठेवले तर ते पाहणारे मोजकेच, परंतु शेवटपर्यंत वाचणारे असतात. दर उंच दिसतो, नोंदणीची एकूण संख्या मात्र कमी राहू शकते. म्हणून दोन पत्रिकांच्या नोंदणीदरांची तुलना छेद समजून घेतल्याशिवाय करू नये. सभा-परिषदांतून ऐकविल्या जाणाऱ्या टक्केवाऱ्यांबद्दल प्रस्तुत लेखकास विशेष आदर नाही, तो याच कारणामुळे.

डिसेंबर २००७ मधील एक प्रयोग

नोंदणीदर वाढविण्याच्या विषयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. बराक ओबामा यांच्या २००८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारमोहिमेत डॅन सिरोकर हे गूगलमधील नोकरी सोडून सांख्यिकी विश्लेषणाचे काम पाहत होते. मोहिमेच्या स्वागतपृष्ठावर येणाऱ्या नागरिकाने आपला ई-मेल पत्ता द्यावा, हा त्या पृष्ठाचा एकमेव हेतू होता. कारण देणग्या व स्वयंसेवक पुढे याच पत्त्यांमधून मिळत. डिसेंबर २००७ मध्ये या पृष्ठावर एक पद्धतशीर चाचणी घेण्यात आली. बटणावरील मजकुराचे चार पर्याय ठरविण्यात आले : 'नाव नोंदवा', 'आताच नाव नोंदवा', 'आताच सहभागी व्हा' आणि 'अधिक जाणून घ्या', अशा अर्थाचे. बटणाच्या वर दिसणाऱ्या दृश्याचे सहा पर्याय होते. त्यांत तीन छायाचित्रे आणि तीन चित्रफिती. चार गुणिले सहा अशा चोवीस जोड्या झाल्या आणि येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस यांपैकी एक जोडी यादृच्छिक पद्धतीने दाखविण्यात आली. एकूण ३,१०,३८२ व्यक्तींनी पृष्ठ पाहिले. म्हणजे प्रत्येक जोडीच्या वाट्यास सुमारे १३,००० व्यक्ती आल्या.

निकाल मोहिमेतील मंडळींच्या अपेक्षेविरुद्ध लागला. त्यांचा कल एका चित्रफितीकडे होता. प्रत्यक्षात तिन्ही चित्रफिती तिन्ही छायाचित्रांपेक्षा मागे पडल्या. सर्वाधिक नोंदणी झाली ती ओबामा यांचे पत्नी व दोन मुलींसमवेतचे छायाचित्र आणि 'अधिक जाणून घ्या' हे बटण या जोडीस. मूळ पृष्ठाचा नोंदणीदर ८.२६ टक्के होता, तो या जोडीमुळे ११.६ टक्के झाला. सापेक्ष वाढ ४०.६ टक्के.

चाचणी घेतली नसती तर मोहिमेने बहुधा चित्रफीत निवडली असती, आणि कार्यालयातील सर्वांना ती योग्यच वाटली असती. चाचणीचे खरे मोल येथे आहे. अनुभवी माणसांची आवड आणि अनोळखी वाचकाची कृती यांत अंतर असते. ते चर्चेने कळत नाही, मोजावे लागते.

बटणाविषयीच्या निष्कर्षाचा मात्र अर्थ नीट लावावयास हवा. 'अधिक जाणून घ्या' हे शब्द सर्वत्र श्रेष्ठ, असा बोध अनेकांनी घेतला. तो घेण्यास आधार नाही. डिसेंबर २००७ मध्ये ओबामा हे अनेक अमेरिकन मतदारांस अपरिचित होते. प्राथमिक फेरीचे पहिले मतदानही झाले नव्हते. अशा वेळी 'सहभागी व्हा' हे आवाहन वेळेआधीचे आणि 'जाणून घ्या' हे स्वाभाविक, असे म्हणता येईल. हे स्पष्टीकरण पटणारे असले तरी चाचणीने ते सिद्ध केलेले नाही. चाचणी कोणता पर्याय सरस हे सांगते. का सरस हे सांगत नाही. शिवाय, ज्या पत्रिकेचे वाचक संपादकास वीस वर्षे ओळखतात तिच्या बाबतीत निकाल उलटाही लागू शकेल.

आणखी एक सूक्ष्म मुद्दा आहे. सिरोकर यांनी दिलेल्या आकड्यांनुसार केवळ बटणामुळे झालेली वाढ १८.६ टक्के आणि केवळ छायाचित्रामुळे झालेली १३.१ टक्के होती. या दोहोंचा स्वतंत्र परिणाम गृहीत धरून गुणाकार केल्यास सुमारे ३४ टक्के वाढ अपेक्षित ठरते. विजयी जोडीने ४०.६ टक्के दाखविली. उरलेला फरक दोन प्रकारे संभवतो. एक तर छायाचित्र आणि शब्द एकमेकांस पूरक ठरले असतील. किंवा, चोवीसांतून सर्वांत वरचा आकडा निवडताना दैवयोगाने थोडा अधिक उंच आलेला आकडा निवडला गेला असेल. वर्गातील चोवीस विद्यार्थ्यांपैकी एका परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी पुढील परीक्षेत सहसा तेवढेच गुण मिळवीत नाही, हे शिक्षकांस सांगावयास नको. मोठ्या संख्येमुळे या प्रयोगात तो दोष किरकोळ राहिला असावा. लहान संख्येच्या प्रयोगात तोच दोष सारा निकाल व्यापून टाकतो.

प्रयोगाच्या फलिताविषयी सांगितला जाणारा हिशेबही तपासण्यासारखा आहे. मोहिमेच्या काळात या मार्गाने सुमारे एक कोटी व्यक्तींनी नाव नोंदविले. जुनेच पृष्ठ राहिले असते तर ही संख्या सुमारे ७१ लाख २० हजार झाली असती. म्हणजे २८ लाख ८० हजार पत्ते अधिक मिळाले. प्रत्येक पत्त्यामागे सरासरी २१ डॉलर देणगी आली, यावरून सुमारे सहा कोटी डॉलर अधिक मिळाले, असे अनुमान सिरोकर यांनी मांडले. येथे दोन गृहीतके आहेत. पहिले असे की, डिसेंबरात आढळलेली वाढ पुढील वर्षभर तशीच टिकली. दुसरे अधिक महत्त्वाचे : बटण बदलल्यामुळे जे नव्याने आले तेही, आधीपासून येणारच होते त्यांच्याएवढीच देणगी देतात. अर्थशास्त्राच्या अध्यापकांस सरासरी आणि सीमांत यांतील हा भेद लगेच जाणवेल. ज्याचा निश्चय पक्का आहे तो बटणावर काहीही लिहिलेले असले तरी नोंदणी करतो. शब्दांच्या फेरफाराने जो आत येतो तो कुंपणावरचा माणूस असतो. त्याची देणगी, आणि आपल्या विषयापुरते बोलावयाचे तर त्याचे वाचन, सरासरीपेक्षा कमी असण्याचाच संभव अधिक. याचा अर्थ प्रयोग निरुपयोगी होता असा नव्हे. वाढलेल्या नोंदणीचे मोल मूळ नोंदणीच्या दराने लावू नये, एवढाच त्याचा अर्थ.

लहान संख्येचे गणित

वरील प्रयोग वाचून एखाद्या महाविद्यालयीन पत्रिकेच्या संपादकाने दोन बटणांची तुलना करावयाचे ठरविले, असे समजू. प्रत्येक बटण दोनशे व्यक्तींस दाखविले. ओबामा मोहिमेत दिसला तेवढाच, म्हणजे ८.२६ टक्के विरुद्ध ११.६ टक्के असा फरक येथेही खरोखर अस्तित्वात आहे, असेही मानू. दोन प्रमाणांतील फरकाची प्रमाण त्रुटी या संख्येस सुमारे ३ टक्केबिंदू येते. प्रत्यक्ष फरक ३.३४ टक्केबिंदूंचा. म्हणजे फरक त्रुटीच्या जेमतेम एकपट. अशा निकालावरून काहीही म्हणता येत नाही. तेरा हजारांच्या गटात हीच त्रुटी सुमारे ०.३७ टक्केबिंदू होती, म्हणून तेथे फरक त्रुटीच्या नऊपट ठरला आणि शंकेस जागा राहिली नाही.

मग किती वाचक लागतील? सार्थकतेची पातळी ५ टक्के आणि खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता ८० टक्के, अशी प्रचलित अट धरली तर प्रत्येक गटात सुमारे १,२५० व्यक्ती हव्यात. दररोज चाळीस नवे वाचक येत असतील तर दोन महिने लागतील. आणि हा झाला फार मोठ्या फरकाचा हिशेब. नोंदणीदर ५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेला की नाही एवढेच शोधावयाचे असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ८,१५० व्यक्ती लागतात. मराठीतील बहुतेक लहान ई-पत्रिकांना वर्षभरातही एवढे नवे वाचक लाभत नाहीत.

एका गटाचा दर सांगतानाही हीच अडचण येते. दोनशेंपैकी दहा जणांनी नोंदणी केली तर आपण ५ टक्के म्हणतो. परंतु त्या निरीक्षणाशी सुसंगत असा खरा दर सुमारे २.७ टक्के ते ९ टक्के यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. पुढील महिन्यात आठ जण आले तर संपादक हळहळतो आणि तेरा आले तर पेढे वाटतो. दोन्ही वेळा बहुधा काहीच घडलेले नसते.

लहान प्रयोगात आणखी एक सवय घातक ठरते, ती म्हणजे रोज निकाल पाहणे आणि मनाजोगता फरक दिसताच चाचणी थांबविणे. नाणेफेक करताना आपला पक्ष पुढे असेल तेव्हाच खेळ संपवावयाचा, तसा हा प्रकार आहे. किती व्यक्तींनंतर थांबावयाचे हे आधी लिहून ठेवावे आणि तोवर तुलना करू नये. सांख्यिकी विभागातील सहकाऱ्याची मदत अशा वेळी घेता येते. आंतरविद्याशाखीय सहकार्याची इतकी स्वस्त संधी सहसा मिळत नाही.

प्रयोग शक्य नसताना

प्रयोग परवडत नाही म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही. वाचकाच्या जागी बसून पाहिल्यास काही गोष्टी मोजल्याविनाही स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट, अर्जातील रकाने. पूर्ण नाव, भ्रमणध्वनी, संस्था, पदनाम, जन्मतारीख आणि शेवटी ई-मेल, असे अर्ज आपल्या संस्थांत सर्रास दिसतात. अंक पाठविण्यासाठी एकच गोष्ट लागते, ती म्हणजे ई-मेलचा पत्ता. बाकीची माहिती 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून मागितली जाते आणि बहुधा कधीच पडत नाही. भ्रमणध्वनीचा रकाना तर विशेष नुकसानकारक. क्रमांक दिला की फोन येऊ लागतात, हा अनुभव आपल्याकडे सार्वत्रिक आहे. तो रकाना दिसताच वाचक मागे फिरला तर दोष त्याचा नाही.

दुसरी गोष्ट, काय मिळणार हे सांगणे. 'आमच्याशी जोडलेले राहा' या वाक्यातून वाचकास काहीच कळत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक अंक, त्यात एक दीर्घ लेख व नव्या ग्रंथांची टिपणे, असे सांगितले की तो निर्णय घेऊ शकतो. त्याहून उत्तम म्हणजे मागील अंक तेथेच वाचावयास ठेवणे. कागदी मासिकांची 'नमुना अंक' पाठविण्याची जुनी चाल यासाठीच होती. पाहून घेतलेली वस्तू मागणारा ग्राहक नंतर तक्रार करीत नाही.

तिसरी गोष्ट, निमंत्रणाची जागा आणि वेळ. वाचकाने पहिली ओळ वाचण्याआधीच पडद्यावर चौकट उघडणे म्हणजे पाहुणा उंबरठा ओलांडतो न ओलांडतो तोच त्याच्या हाती पावतीपुस्तक देण्यासारखे आहे. अशा चौकटींमुळे नोंदण्या वाढतात, हे नाकारता येत नाही. मात्र चौकट बंद करू पाहणाऱ्याचे बोट चुकल्यामुळे किंवा लेख तरी वाचू द्या म्हणून झालेल्या नोंदण्याही त्यांत असतात. लेख संपल्यावर, जेव्हा वाचकास आपण काय देतो हे कळलेले असते, तेव्हा विचारणे अधिक योग्य.

मराठी पत्रिकांस एक खास अडचण आहे. सारा मजकूर देवनागरीत वाचणाऱ्या व्यक्तीस ई-मेलचा पत्ता मात्र बहुधा रोमन लिपीत टंकित करावा लागतो. भ्रमणध्वनीवर त्या क्षणी मराठी कळफलक उघडा असतो. तो बदलावयाचा, एकही चूक न करता पत्ता लिहावयाचा, हे वयस्क वाचकास जिकिरीचे होते. अर्जाच्या रकान्यास 'येथे ई-मेल अपेक्षित आहे' ही खूण संगणकीय भाषेत दिलेली असेल तर योग्य कळफलक आपोआप पुढे येतो आणि पूर्वी वापरलेला पत्ता सुचविला जातो. हे काम तंत्रज्ञाचे असून काही मिनिटांचे आहे. बटणावर 'सबमिट' ऐवजी 'अंक पाठवा' लिहावे, असे सुचवावेसे वाटते. नोंदणी किती वाढेल याचा पुरावा देता येणार नाही; पण भाषा तरी सरळ होईल.

न बोललेला होकार

नोंदणीचे प्रमाण सर्वांत झटपट वाढविण्याचा मार्ग बटणात किंवा चित्रात नाही. तो प्रश्न कसा विचारला यात आहे. एरिक जॉन्सन, स्टीव्हन बेलमन आणि जेराल्ड लोझ यांनी २००२ मध्ये 'मार्केटिंग लेटर्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पुढील आरोग्यविषयक सर्वेक्षणांची सूचना हवी असल्यास खूण करा, असे विचारले असता सुमारे ४८ टक्के व्यक्ती सहभागी ठरल्या. सूचना नको असल्यास खूण करा, असे विचारले असता सुमारे ९६ टक्के सहभागी ठरल्या. दोन्ही वेळा करावयाचे काम तेवढेच. फरक एवढाच की, पहिल्या पद्धतीत मौन म्हणजे नकार आणि दुसरीत मौन म्हणजे होकार. पहिलीस होकारपद्धती आणि दुसरीस नकारपद्धती म्हणता येईल. ४८ आणि ९६ यांच्यामधील माणसांना काय हवे होते? बहुधा त्यांनी त्याविषयी विचारच केला नव्हता.

मराठी नियतकालिकांनी नकारपद्धतीचा अनुभव फार पूर्वी घेतला आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले, तेव्हापासून वर्गणीदार मिळविणे हा संपादकाच्या चिंतेचा विषय राहिला. भारतात मूल्यदेय टपालाची, म्हणजे व्ही. पी. ची सोय १८७७ मध्ये आणि मनीऑर्डरची १८८० मध्ये सुरू झाली. यानंतर मासिकांत एक सूचना रूढ झाली : वर्गणी संपली असून, नकार न कळविल्यास पुढील अंक व्ही. पी. ने पाठविण्यात येईल. ही शुद्ध नकारपद्धती होय. परंतु तिच्यात एक अंगभूत लगाम होता. वर्गणीदाराने व्ही. पी. सोडवून घेतली नाही तर ती परत येई आणि जाण्याचा टपालखर्च संपादकाच्या अंगावर पडे. मौनास होकार मानण्याची किंमत मानणाऱ्यालाच मोजावी लागे. म्हणूनच, नको असल्यास एक कार्ड टाकून कळवावे अशी विनवणीही संपादक करीत.

ई-मेलमध्ये व्ही. पी. परत येत नाही. नको असलेले पत्र वाचक न उघडता पुसून टाकतो, संपादकास त्याची खबर नसते आणि यादीतील संख्या अबाधित राहते.

याच संदर्भात 'किर्लोस्कर खबर'चे स्मरण होते. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून सुरू केलेले हे नियतकालिक आरंभी कारखान्याच्या मालाची माहिती पोहोचविणारे पत्रक होते. आजच्या भाषेत संस्थेचे वार्तापत्रच. नांगर व कडबा कापण्याची यंत्रे यांपुरते ते राहिले असते तर विक्रेत्यांपलीकडे कोणी त्याची वाट पाहिली नसती. कथा, विचारप्रवर्तक लेख, सामाजिक प्रश्न यांनी ते भरू लागले, 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि घरोघर वाचले गेले. नोंदणीदराची चर्चा करताना आपण बटणाकडे पाहतो. अंकात काय आहे हा प्रश्न मागे पडतो.

कायद्याची चौकट

मौनास होकार मानण्याची मुभा आता अनेक देशांत राहिलेली नाही. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने नकारपद्धती चालू ठेवली. पाठविणाऱ्याने नाव काढण्याची सोय दिली म्हणजे पुरे. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशाद्वारे पूर्वसंमतीचा मार्ग स्वीकारला, आणि आधीच खूण केलेली चौकट ही संमती नव्हे, असा निर्णय तेथील न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला.

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, प्रमुख जबाबदाऱ्यांच्या पूर्ततेसाठी त्या वेळेपासून अठरा महिन्यांचा अवधी देण्यात आला आहे. या अधिनियमानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाशर्त व निःसंदिग्ध असावी आणि स्पष्ट होकारार्थी कृतीतून व्यक्त व्हावी. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. संमतीसोबतची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय व्यक्तीस असावा, म्हणजे मराठीतही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढून असे तेरा प्रकार नमूद केले. नकार देणाऱ्यास लाज वाटावी असे शब्द वापरणे हा त्यांतील एक. 'नको, मला ज्ञान वाढवावयाचे नाही' असे नकाराचे बटण काही ठिकाणी दिसते. ते याच जातीचे.

महाविद्यालयांनी दोन बाबींकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. पहिली, वय. अधिनियमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती वापरण्यास पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. अकरावी-बारावीचे जवळजवळ सर्व आणि पदवीच्या प्रथम वर्षाचे काही विद्यार्थी या वयोगटात येतात. शैक्षणिक संस्थांना नियमांत काही सवलती आहेत, परंतु त्या शैक्षणिक कार्य व विद्यार्थ्यांची सुरक्षितता अशा मर्यादित हेतूंपुरत्या आहेत; वाङ्मय मंडळाची पत्रिका त्यांत बसते असे गृहीत धरणे धाडसाचे होईल. दुसरी बाब, प्रवेशअर्जावरील पत्ते. विद्यार्थ्याने प्रवेशासाठी दिलेला ई-मेल प्रवेशाच्या कामासाठी आहे. तो उचलून पत्रिकेच्या यादीत घालणे आणि वार्षिक अहवालात 'वाचकसंख्या चार हजार' असे लिहिणे, ही नोंदणी नव्हे.

पोहोचणे आणि न पोहोचणे

संमती हा केवळ नीतीचा किंवा कायद्याचा प्रश्न आहे असे समजणाऱ्यांनी टपालाच्या नव्या व्यवस्थेकडे पाहावे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ई-मेल पाठविणाऱ्यांसाठी नियम कडक केले. पाठविणारा खरोखर तोच आहे याची तांत्रिक खातरजमा हवी आणि एका टिचकीत नाव काढण्याची सोय हवी. गूगलच्या बाबतीत हे सारे दिवसाला पाच हजार वा अधिक पत्रे पाठविणाऱ्यांस लागू आहे. 'हे नको असलेले टपाल आहे' अशी तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवण्याची अट मात्र लहान प्रेषकांसही आहे. ढोबळमानाने पाहता, सहाशे जणांच्या यादीतील दोघांनी तक्रार केली तरी ही मर्यादा ओलांडली जाते.

तक्रारीचा परिणाम पत्रिकेपुरता राहत नाही. पत्रे महाविद्यालयाच्या अधिकृत क्षेत्रनामावरून जात असतील तर त्या क्षेत्रनामाचीच पत घसरते. मग परीक्षेच्या वेळापत्रकाची सूचना, शिष्यवृत्तीच्या अंतिम तारखेचे पत्र, अध्यापकाने परगावच्या परीक्षकास पाठविलेला प्रबंध, हे सारे वाचकाच्या अडगळीच्या कप्प्यात जाऊ लागते. न मागणाऱ्यास पाठविलेल्या पत्रिकेची किंमत मागणारा विद्यार्थी मोजतो. व्ही. पी. परत येण्याचा जुना लगाम हा असा वेगळ्या वेषात परत आला आहे, फक्त भुर्दंड भरणारा बदलला.

यावर उपाय म्हणून दुहेरी पुष्टीची पद्धत वापरली जाते. वाचकाने पत्ता दिल्यावर त्याच पत्त्यावर एक पत्र जाते आणि त्यातील दुव्यावर टिचकी मारल्यावरच नोंदणी पूर्ण होते. यात काही नोंदण्या गळतात, हे खरे. परंतु चुकीचे टंकित झालेले पत्ते, दुसऱ्याच्या नावाने केलेल्या नोंदी आणि क्षणिक उत्साह हीच ती गळती असते. पुष्टीचे पत्र मात्र लगेच जावयास हवे व स्पष्ट मराठीत असावयास हवे. तासाभराने आलेले इंग्रजी पत्र पाहून चांगला वाचकही ते फसवणुकीचे समजतो.

यादीतील किती जण खरोखर वाचतात, हे मोजणेही पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. पत्र उघडले की त्यातील अदृश्य चित्र मागविले जाते, त्यावरून 'उघडल्याचे प्रमाण' काढण्याची प्रथा होती. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या टपाल-प्रणालीत अशी सोय आणली की, वाचकाने पत्र उघडो वा न उघडो, चित्रे आधीच मागविली जातात. तेव्हापासून हा आकडा फुगलेला असतो. लेखाच्या दुव्यावरील टिचक्या आणि वाचकांची उत्तरे, हेच त्यातल्या त्यात विश्वसनीय राहिले. शंभर वाचकांच्या पत्रिकेस महिन्याला पाच उत्तरे येत असतील तर तिची प्रकृती उत्तम आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ज्या विभागांकडे प्रवेशअर्जांतून वा माजी विद्यार्थ्यांच्या नोंदवहीतून गोळा केलेली यादी आधीच आहे, त्यांच्यापुढे व्यावहारिक प्रश्न उरतो : ती यादी टाकून द्यावयाची काय? वापरण्याजोगा मार्ग असा. संस्थेचे नियम तशी मुभा देत असतील तर सज्ञान व्यक्तींना एकदाच पत्र पाठवावे. पत्ता कोठून मिळाला, पत्रिकेत काय असते, ती किती वेळा येते हे त्यात चार ओळींत सांगावे आणि हवी असल्यास दुव्यावर टिचकी मारण्यास सांगावे. स्मरणपत्र पाठवू नये. महिन्याभरात ज्यांचा होकार येणार नाही त्यांची नावे यादीतून काढावीत. चार हजारांतून चारशे उरले तर पुढील वार्षिक अहवालात चारशे लिहावे, आणि नोंदणीदर काढावयास त्या दिवसापासून आरंभ करावा.